कंदील जळत होता

मुक्काम चिंचवड, तालुका हवेली,
सोमवार, ता. २८ ऑक्टोबर १९५७

प्रिय दत्तोबा,

मी, आबाजी सयाजी कुदळे, वय वर्षे चौसष्ट, शिक्षण मराठी चौथी पास, राहणार चिंचवड, पूर्वीचा धंदा शेती, हल्ली नदीकाठच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात जमादार, लिहितो की खालील मजकूर खरा आहे आणि तो मी कोणाच्या सांगण्यावरून वा दडपणाने लिहिलेला नाही. पत्राची ही सुरुवात तुला चमत्कारिक वाटेल. परंतु वीस वर्षे या गावच्या पंचनाम्यांवर पंच म्हणून माझी सही होत आली. खरे बोलायचे तर आधी नाव, वय, ठिकाण सांगावे, ही सवय हाडात मुरली आहे. माझी दोन कार्डे तू घेतली नाहीस. पोस्टाच्या शेऱ्यासह ती परत आली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. हे पाकीट मात्र परत पाठवू नकोस. कार्डांत केवळ क्षेमकुशल होते. यात एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि तो येत्या सोमवारच्या आत सुटला पाहिजे.

तुझी वहिनी मंजुळाबाई प्रकृतीने बरी आहे. चिंध्या निवडण्याच्या खात्यात पूर्वीप्रमाणेच कामास जाते. चाळीतली खोली तिने सोडलेली नाही. तुझ्या भावाने, ज्योतीरामने, दारात डालड्याच्या डब्यात लावलेली तुळस तिने उन्हाळाभर जगवली. परंतु ती त्याचे नाव काढीत नाही. आरंभी मला वाटले, दुःखाने काढीत नसेल. मग आषाढात एकदा सुटीच्या भोंग्यानंतर ती माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, “आबा, त्यास्नी एवढी कसली घाई हुती? तुमी हुता न्हवं तिथं? इचारायला तोंड न्हवतं का?” तेव्हा कळले की ती त्याच्यावर रागावली आहे. मेलेल्या माणसावर बाई वर्षभर रागावून बसली आहे, कारण खात्यातल्या बायका तिला ऐकवतात की तुझ्या नवऱ्याने जमादाराचे ऐकले असते तर तुझे कुंकू राहिले असते. मी छत्री उघडली आणि घरी आलो. पाऊस नव्हता.

तुम्ही दोघे भाऊ करमाळ्याकडून प्रथम आलात तो दिवस मला आठवतो. फाटकाशी उभे राहून ज्योतीरामने मला रामराम केला आणि तुला हळूच म्हणाला, “दत्त्या, नीट हुबा ऱ्हा. ह्ये जमादार न्हाईत, मामलेदार हायत.” मी ऐकले आणि ऐकले नाही असे दाखवले. पुढे सबंध कारखाना मला पाठीमागे मामलेदार म्हणू लागला, तो त्याचाच प्रताप. मी रागावत असे, परंतु खरे लिहितो, मला ते आवडत असे. माझ्या घरी मुलगा नाही. बायको गेल्यावर जेवणाची वेळ झाली की ज्योतीराम चाळीतून हाक मारी, “मामलेदार, भाकरी थापल्यात, वसुलीला या.” तुम्हा दोघांच्या मध्ये बसून मी चार वर्षे जेवलो. त्याने मला एक गोष्ट दहादा सांगायला लावली आणि दहाही वेळा नवी असल्यासारखी ऐकली. ती पेवाची गोष्ट. तुलाही ती पाठ असेल, तरीपण येथे लिहिणे जरूर आहे, कारण पुढचे सर्व तिच्यातून आले.

आमच्या घरच्या अंगणात धान्याचे पेव होते. जमिनीत दीड पुरुष खोल, तोंड लहान, आत ज्वारी. मी अकरा वर्षांचा असताना माझे चुलते पेव उघडून लगोलग आत उतरले आणि वर आले नाहीत. बंद पेवातली हवा मरते, हे त्या दिवशी माझ्या वडिलांनी मला शिकवले. पेव उघडायचे, एक दिवस तसेच ठेवायचे, मग दोरीने कंदील आत सोडायचा. विझला तर माणसाने उतरायचे नाही. जळत राहिला तरच उतरायचे. ही रीत मी चाळीस वर्षे पाळली. गावात कोणाचेही पेव उघडायचे असो, आबाजीला बोलवा, असे म्हणत. माझ्या कंदिलाने एकही माणूस दगावला नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसापाशी अभिमान धरण्यासारखे फार नसते. माझ्यापाशी ही एक गोष्ट होती, आणि ती मी जपून नव्हे, मिरवून ठेवली. कारखान्यात लगद्याचा जमिनीखालचा हौद बांधला तेव्हा मीच मॅनेजरसाहेबांना म्हणालो की साहेब, हे आमच्या पेवासारखेच आहे, याची काळजी माझ्यावर सोपवा.

गेल्या वर्षी दिवाळीची सुटी आणि बॉयलरची तपासणी मिळून कारखाना बारा दिवस बंद राहिला. हौदात काडाचा लगदा गुडघाभर तसाच होता. कारखाना सुरू होण्याच्या आदल्या दिवशी सकाळी आपण तिघे हौद साफ करण्यास गेलो. झाकण काढताच कुजलेल्या अंड्यासारखी घाण आली. मी तुम्हाला तासभर थांबवले. तू बादल्या आणण्यास पंपाच्या खोलीकडे गेलास. तू नसताना काय घडले ते तू आजवर मला विचारले नाहीस. ते मी या पत्रात, त्याच्या जागी, सांगणार आहे. तूर्त एवढेच लिहितो की मी कंदील सोडला. तो लगद्याच्या वर हातभर अंतरावर टांगता ठेवला. ज्योत हललीसुद्धा नाही. मी ज्योतीरामला म्हणालो, उतर.

तो शिडीने उतरला. वल्ह्यासारख्या फळीने त्याने लगदा ढवळण्यास सुरुवात केली, निचऱ्याचे तोंड मोकळे करावे म्हणून. थोड्याच वेळात वर पाहून म्हणाला, “आबा, वास गेला की वं. आता नुसतं अत्तर.” मीही हसलो. वास गेला म्हणजे हवा निवळली, असे आम्हा दोघांना वाटले. मग तो बसल्यासारखा झाला. पाय घसरला असेल म्हणून मी ओरडलो, लेका, शिडी धर. त्याने हात वर केला नाही. तो कुशीवर लगद्यात पडला, आणि मी तुझ्या नावाने हाक मारली.

यापुढचे तुला माहीत आहे, परंतु तू ज्या बाजूने पाहिलेस ती बाजू निराळी होती. तू बादल्या फेकून आलास आणि शिडीवर पाय टाकलास. मी मागून तुझी कंबर धरली. तू किंचाळलास, “सोडा आबा! कंदील जळतोय! हवा चांगली हाय! तुमीच म्हन्ता न्हवं, कंदील जळतोय तवर माणूस मरत न्हाई?” दत्तोबा, त्या क्षणी तुझे म्हणणे माझ्याच शिकवणीप्रमाणे तंतोतंत होते. मी खाली पाहिले. कंदील जळत होता आणि त्याच्या उजेडात तुझा भाऊ पडला होता. चाळीस वर्षांची माझी विद्या आणि डोळ्यांपुढचे प्रेत, यांपैकी एकच खरे असू शकत होते. मी तुला सोडले नाही. एवढी एकच गोष्ट त्या दिवशी माझ्या हातून बरोबर झाली, आणि ती कशी झाली ते मला सांगता येत नाही. तू माझ्या मनगटाला चावलास. वळ अजून आहे. पंपाच्या खोलीतले दोघे धावत आले आणि तिघांनी मिळून तुला जमिनीला दाबून धरले. मग मी विहिरीतली घागर काढण्याचा गळ आणवला. पहिल्या दोन वेळा गळ निसटला. तिसऱ्या वेळी तो बंडीत अडकला आणि दंडातही. ज्योतीराम वर येईपर्यंत पाव तास गेला होता. तू त्याच्या दंडावरचे रक्त पुसत म्हणालास, “माज्या भावाला घागरीवानी काढलं.” हे वाक्य मला कानांत नव्हे, हातांत ऐकू येते. दोर ओढताना आलेला तो जडपणा.

तुम्ही सर्वजण त्याला हातगाडीवर घालून फाटकाकडे धावलात. मी मागे राहिलो. तू विचारशील, का? मी कंदील वर ओढला. फुंकला. काच गरम होती, बोट भाजले. धोतराच्या सोग्याने पुसून मी तो खुंटीला अडकवला आणि मग तुमच्या मागे आलो. हे मी का केले ते त्या वेळी मला ठाऊक नव्हते, असे लिहिणे सोयीचे आहे. मला ठाऊक होते.

चौकशी झाली तेव्हा तू अस्थी घेऊन गावी गेला होतास. इन्स्पेक्टरसाहेबांनी मला खुर्ची दिली. नाव, वय, धंदा मी व्यवस्थित सांगितले. त्यांनी विचारले, कंदील सोडला होता काय? मॅनेजरसाहेब माझ्याकडे पाहत होते. त्यांना मी पेवाची गोष्ट किती वेळा सांगितली असेल! मी म्हणालो की कंदील सोडण्याच्या आधीच मयत इसम मला न विचारता हौदात उतरला. ज्या हाताने वीस वर्षे पंचनाम्यांवर सह्या केल्या, त्याच हाताने सही केली. धावत आलेल्या दोघांचे लक्ष तुझ्याकडे होते. कंदील पाहिल्याचे ते सांगू शकले नाहीत. तू परत आलास तेव्हा चौकशी संपली होती, आणि कचेरीच्या कारकुनाने तुला दारातूनच वाटेला लावले. मग तू माझ्या ओट्यापाशी आलास. वर चढला नाहीस. उभ्यानेच म्हणालास, “कंदील जळत हुता. तुमी बी बघितला, म्या बी बघितला.” आणि वळकटी उचलून गावी गेलास. तू शिवी दिली असतीस तर मला परत काही बोलता आले असते.

माझ्या जबानीवर कारखान्याने काय केले ते आता ऐक. प्रजासत्ताक दिनी मला शाल आणि नारळ दिला. कारण मी तुला अडवले. मॅनेजरसाहेब बोलले की एकाच्या मागे दुसरा उतरला असता तर दोन प्रेते निघाली असती. आबाजींनी डोके शांत ठेवले. टाळ्या झाल्या. ज्योतीराम असता तर म्हणाला असता, मामलेदारांना बढती मिळाली. आणि हौदाच्या भिंतीवर एक पत्र्याचा फलक लागला. पांढऱ्यावर तांबड्या अक्षरांत त्यावर लिहिले आहे की हौदात उतरण्यापूर्वी कंदील सोडावा, कंदील जळत राहिल्यास उतरावे. खाली खुंटीला कंदील. तोच कंदील. मयत इसमाने कंदील सोडू दिला असता तर तो वाचला असता, असे माझ्या जबानीवरून साहेबांनी काढले. त्यांचा दोष नाही. कागदावर जे होते त्यावरून कोणीही तेच काढील.

श्रावणात माझा खोकला बळावला म्हणून पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतल्या एका सिंधी डॉक्टरांकडे गेलो. गृहस्थ विचारी आहेत. छाती तपासताना मी त्यांना, दुसऱ्या कोणाची म्हणून, हौदाची हकिकत सांगितली. ते थांबले आणि म्हणाले, “बाबा, बत्ती को साँस चाहिए, इतना ही वो जानती है। जहर का उसको क्या पता?” मग समजावून सांगितले. पेवात हवा संपलेली असते, म्हणून कंदील विझतो. कुजक्या लगद्याच्या हौदात मात्र हवा असते आणि हवेत विष असते. लगदा ढवळला की ते वर येते. प्रथम घाण मारते, मग ते नाकच बधिर करते. वास गेला असे माणसास वाटते तेव्हा तो मरणाच्या दारात असतो. आणि कंदील खुशाल जळत राहतो. दत्तोबा, माझ्या वडिलांनी शिकवलेले खोटे नव्हते. ते पेवापुरते खरे होते. मी ते नेऊन हौदात लावले. आणि हे कळल्यावरसुद्धा मी श्रावणापासून आजतागायत गप्प बसलो. रोज सकाळी त्या फलकासमोरून गेलो, आणि रोज तो वाचला.

यंदाही कारखाना दिवाळीपासून बंद आहे. हौदात लगदा आहे. परवा कचेरीने यादी लावली. सोमवारी, ता. ४ नोव्हेंबर रोजी, चिमाजी हौदात उतरायचा आहे. तुमच्याच गावचा चिमाजी, उन्हाळ्यात आलेला. फलकाप्रमाणे कंदील सोडून, जमादार आबाजी यांच्या देखरेखीखाली. यादीत माझे नाव वाचले आणि तसाच मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. सर्व सांगितले. त्यांनी मला बसवले, पाणी दिले आणि म्हणाले, “आबाजी, वर्षश्राद्ध जवळ आलं की माणसाच्या मनाला असं होतं. तुमची कोणती जबानी खरी धरू? लिहून दिलेली की ही?” खोट्या पडलेल्या पंचाला दुसऱ्यांदा पंच करीत नाहीत, हा नियम मीच लोकांना सांगत आलो. शेवटी ते म्हणाले की शनिवारी इन्स्पेक्टरसाहेब येणार आहेत, कंदील जळताना पाहिलेला दुसरा कोणी असेल तर त्याला उभा करा. असा माणूस एकच आहे.

आता तू नसताना घडलेले सांगतो. ते न सांगता तुझ्याकडे काही मागितले, तर ते आणखी एक खोटे होईल. तू बादल्या आणण्यास गेल्यावर, शिडीवर पाय ठेवण्यापूर्वी, ज्योतीरामने मला विचारले होते, “आबा, कंबरेला दोर बांधू का?” दोर तेथेच गुंडाळून पडला होता. मी म्हणालो, “लेका, कंदील जळतोय. माझ्या कंदिलावर इश्वास नाही का?” तो वरमला. “तसं न्हवं आबा,” म्हणाला आणि तसाच उतरला. दोर कंबरेला असता तर तो पडताक्षणी मी एकट्याने त्याला वर ओढला असता. गळ लागला नसता. पाव तास गेला नसता. एवढेच ते होते.

हे पत्र मी येथवर लिहून मंजुळाबाईला वाचून दाखवले, कारण तुझ्या आधी ते ऐकण्याचा हक्क तिचा होता. चिमाजीलाही बोलावले. मी उभे राहून वाचले. दोराचा मजकूर तिने मला पुन्हा वाचायला लावला. मग तुळशीकडे पाहून म्हणाली, “म्हंजी त्यांनी इचारलं हुतं.” माझ्याकडे तिने पाहिले नाही, आणि तसे तिने पाहावे अशी माझी अपेक्षाही नाही. तर दत्तोबा, जेऊर स्टेशनावर गाडी धरून शुक्रवारी रात्रीपर्यंत ये. माझ्या घरी येऊ नकोस. वहिनीकडे उतर. शनिवारी साहेबांपुढे तू माझ्या ओट्यापाशी बोललास तेच वाक्य बोल, वर एक अक्षर नको. पुढचे मी सांगेन: लगदा बाहेरूनच पाणी सोडून धुवावा, हौद वाऱ्याने मोकळा करावा, माणूस उतरलाच तर दोराशिवाय नाही, आणि एक पडला तर त्याच्यामागे दुसरा कधीही नाही. तू मला माफ करावेस म्हणून हे लिहिलेले नाही. कागदावर तुझा भाऊ न विचारता उतरलेला आहे. तो विचारून उतरला होता, हे त्याच कागदावर यावे आणि चिमाजी वर राहावा, म्हणून लिहिले. तू न आलास तरी शनिवारी मी बोलणार. ऐकले नाही, तर सोमवारी सकाळी हौदाच्या झाकणावर जाऊन बसेन. अलीकडे मी बराच हलका झालो आहे. मला उचलून बाजूला करायला त्यांना वेळ लागणार नाही. म्हणून तू ये.

तुझाच,
आबाजी सयाजी कुदळे

सदर पत्र वाचून दाखवतेवेळी हजर असलेले साक्षीदार:

मंजुळाबाई, ज्योतीरामची पत्नी. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

चिमाजी, ज्याचे नाव सोमवारच्या यादीत आहे. सही करता येते. तरी मंजुळाबाईच्या अंगठ्याखाली त्यानेही अंगठाच दिला.